तोंडातली नळी

अक्का पहिल्या भेटीपासून माझ्या डोक्यात गेली. साठीला टेकलेली ही तंजावरी मराठी बाई ईस्ट कोस्ट रोडलगत एका पत्र्याच्या शेडमध्ये स्कूबा शिकवते. होडीवरचे सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो. माया वगैरे काही नव्हती.

मी सोलापूरचा. इथे तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतो. बायको सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवडाभर आमची तोंडं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून रविवारी आम्ही जोडीनं पाण्यात उतरायचं ठरवलं. ती कल्पना माझी होती, हे नोंदवून ठेवतो.

माझं सामान मी हौसेनं जमवलेलं. खिसेच खिसे असलेलं फुगीर जाकीट, दोन सुऱ्या, तीन टॉर्च, स्प्रिंगच्या दोरीवर लटकणारं काय काय. एकाला दोन असल्याशिवाय ब्रेक तपासणाऱ्याला चैन पडत नाही. अक्कानं ते सगळं ताडपत्रीवर पसरलं, भंगारवाल्यानं बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "अस्कं काढ."

अस्कं म्हणजे सगळं, हे मला बायकोनं सांगितलं. तिला अक्काचं बोलणं आठवडाभरात कळायला लागलं होतं. मला त्याचाही राग आला.

अस्कं काढल्यावर उरलं काय, तर पाठीला एक स्टीलची पाटी, एक सलग पट्टा आणि मागे टाकी नि तरंगायला हवेची पिशवी. टाकीतून येणाऱ्या श्वासाच्या नळ्या दोन. लांब असते ती तोंडात. आखूड असते ती रबराच्या फासानं हनुवटीखाली अडकवलेली. जोडीदाराची हवा संपली की तोंडातली काढून त्याला द्यायची आणि आपण गळ्यातली घ्यायची. कुठे काही लोंबत नाही, अडकत नाही. पाण्यात अंग हलकं झालं, हे खरं. पण ते मी अक्काला मरेपर्यंत सांगणार नाही.

पोहण्याच्या तलावात सराव होता. बायकोनं गळ्यावरून आडवा हात फिरवला, म्हणजे हवा संपली. मी तत्परतेनं गळ्यातली नळी पुढे केली. रबर ताणलं, माझी मान खाली ओढली गेली, आमचे मास्क एकमेकांवर आपटले. नळी काही तिच्या तोंडापर्यंत पोचली नाही. ती खोकत वर आली.

गळ्यातली का दिलीस, असं अक्कानं विचारलं. मी म्हणालो, तोंडातली उष्टी कशी देणार? आमच्या घरी कुणाला उष्टं देत नाहीत. स्वच्छ होती ती दिली.

अक्का हसली असती तर चाललं असतं. ती हसली नाही.

"तोंडांत आहे ते चालतं मणून ठाऊक," ती म्हणाली. "गळ्यांतलं चालेल की नाही, कोणाला ठाऊक? तू एच्चिल बघत बस. ती मरेल."

एच्चिल म्हणजे उष्टंच. आणि हे कोण सांगतंय, तर जी बाई स्वतः कॉफीच्या टंबलरला ओठ लागू देत नाही, वीतभर वरून धार सोडून पिते ती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं मी तिला तोंडावर ऐकवलं. तिनं शांतपणे आणखी एक घोट वरून ओतला आणि म्हणाली की जमिनीवरचं जमिनीवर. मग मला दोन रविवारांची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर बायकोची जोडी ती दुसऱ्याशी लावणार होती.

मला ते जिव्हारी लागलं. माझ्या बायकोनं कुणाच्या भरवशावर श्वास घ्यायचा, हे ही बाई ठरवणार?

पुढच्या रविवारी तलावात मी तोंडातली दिली. बायको वर आली आणि म्हणाली, "अंगठ्यानं पुसून दिलीस. तीन सेकंद लागले."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच पुसली.

"लग्न झाल्यापासून तुझ्या ताटातलं उरलेलं मी खाते," ती म्हणाली. "माझ्या ताटातलं तू एकदा तरी खाल्लंस?"

हा विषय इथे कुठून आला, असं म्हणून मी ओरडलो. 

शेवटच्या रविवारी समुद्रात गेलो. खाली उतरल्यावर बायको कधीही खूण करेल, सगळ्यात जवळ असेल त्यानं द्यायची, एवढंच अक्कानं होडीत सांगितलं. पाणी ताकासारखं गढूळ होतं. बायको माझ्या हाताच्या अंतरावर होती, अक्का त्याच्या चौपट लांब. मी डोळ्यांत तेल घालून वाट बघत होतो. आज दाखवतोच म्हटलं दोघींना.

बायको थांबली. माझ्याकडे बघत तिनं गळ्यावरून हात फिरवला. मी तोंडातली नळी काढली आणि पुढे धरली. पुसली नाही. अंगठा जवळही नेला नाही.

तिनं नळीकडे बघितलं. मग माझ्या पसरलेल्या हाताखालून ती पुढे गेली, अक्काकडे. अक्कानं आपल्या तोंडातली काढून दिली आणि तिनं ती सरळ तोंडात घेतली. माझ्या हातातल्या नळीतून नुसते बुडबुडे वर जात राहिले.

होडीत चढल्यावर मी तिला म्हणालो, "मी दिली होती. न पुसता."

"दिसलं," ती म्हणाली. "पण तेव्हा विचार करत बसले नाही. जिथे खात्री होती तिथे गेले."

अक्का चक्क दुसरीकडे बघत होती. तिला मी शिव्या घालणार होतो, तेवढ्यात बायकोनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि माझ्यापुढे धरली. घसा कोरडा पडला होता. मी बाटली घेतली, मान मागे टाकली आणि सवयीनं वरून धार सोडली. पाणी तोंडात पडल्यावर माझ्या लक्षात आलं, पण तोवर दोघीही माझ्याकडे बघत होत्या.