एक सुताने वाढवलेलं इंजिन

माझी थोरली बहीण तिसगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो, गाव तिला नर्सबाई म्हणायचं. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि घरी सगळे तिच्या नशिबावर बोलत बसलेले असताना ती नगरला जाऊन नर्सिंग शिकून आली. पुढची वीस वर्षं डोंगराच्या कडेच्या वाड्या-वस्त्यांवर ती सायकलने फिरली. बाळंतिणी, लसी, पोरांचे ताप, सगळं तिच्याकडे.

एकाहत्तर साली एका ओढ्याच्या उतारावर ती सायकलवरून पडली. डावा गुडघा मोडला. प्लास्टर निघालं, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. तिला तिसगावातून हलवून नगरच्या कचेरीत बसून लिहिण्याचं काम द्यायचं, असं वरून आलं. दवाखान्यातले डॉक्टर भले होते. म्हणाले, "दिवाळीपर्यंत मी कागद थांबवतो. तोवर फिरायची काही सोय झाली तर बघा."

मी तेव्हा नागापूरला एका कारखान्यात टर्नर होतो, लेथवर लोखंड कातायचो. तिथे नुकते कारखाने उभे राहत होते. रविवारी आक्काकडे गेलो की ती काठी टेकत चुलीपाशी उभी असायची. एकदा म्हणाली, "कचेरीत बसून म्या काय करू रे? रजिस्टरला ताप येतो का?" हसली, पण मला हसू आलं नाही.

स्कूटरचा विचार करून झाला होता. न वाकणारा पाय घेऊन ती तोल कसा सांभाळणार? अशात आमच्या कारखान्याच्या मेस्त्रींनी भिंगारच्या एका भंगारवाल्याकडे एक अजब गाडी पाहिली. कुठल्याशा क्लबात साहेब लोक गोल्फ खेळायला जी गाडी वापरायचे, ती. चार बुटकी चाकं, दोन माणसांची सीट, मागे छोटं पेट्रोल इंजिन. मी बघायला गेलो आणि पहिल्यांदा पाय ठेवायची जागा पाहिली. क्लच नव्हता. गियर बदलायचे नव्हते. उजव्या पायाने एक पॅडल दाबलं की चालायचं, शेजारचं दाबलं की थांबायचं. डाव्या पायाला कामच नव्हतं. मी ती गाडी त्याच दिवशी घेतली.

मेस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. इंजिनावर हात ठेवून म्हणाले, "हे हिरवळीवर फिरायला केलंय. तुझ्या डोंगराला याचा दम पुरायचा न्हाई."

तसंच झालं. ट्रकमधून गाडी तिसगावला नेली, आक्काला बसवलं, आणि वस्तीच्या चढाला लागताच गाडी कण्हायला लागली. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी गाडी ढकलत वर नेली. संध्याकाळपर्यंत गावाने तिचं नाव ठेवलं, ढकलगाडी. आक्का म्हणाली, "लोकांनी मला ढकलत न्यायचं आन म्या त्यांना सुई टोचायची? न्हाई बाबा."

इंजिन काढून मी नागापूरला आणलं. मेस्त्रींनी मालकांना विचारून सुट्टीच्या दिवशी लेथ वापरायची परवानगी मिळवली. इंजिन एका सिलिंडरचं. उघडलं तर आतून झिजलेलं. नुसतं दुरुस्त करून जुनीच ताकद आली असती. मला जास्त हवी होती. सिलिंडर एक सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, मोठा करायचा आणि त्यात जुन्या मोटरसायकलचा पिस्टन बसवायचा, असं ठरवलं.

सांगायला सोपं वाटतं. पिस्टनची पिन जाड निघाली, म्हणून पिस्टनला जोडणाऱ्या रॉडचं भोक वाढवून त्यात पितळी बुश ठोकलं. पिस्टन वर सिलिंडरच्या हेडला लागत होता, म्हणून त्याचा माथा थोडा तासला. पेट्रोल जास्त लागणार म्हणून कार्बुरेटरचं जेट मोठं केलं. सिलिंडर बोअर करताना मात्र श्वास रोखून उभा होतो. भिंत फुटली असती तर सगळंच भंगार झालं असतं. शेवटचा कट निघाला आणि आतून आरशासारखी भिंत दिसली. पिस्टन हाताने सोडला तर तो हवा दाबत सावकाश खाली गेला. इतकं नेमकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मेस्त्री आठवडाभराच्या रजेवर गावी गेले होते. त्यांना दाखवायला मी थांबलो नाही.

पुढच्या रविवारी आक्काला शेजारी बसवून मी स्वतः गाडी हाकली. चढ लागला. गाडीने अशी उचल घेतली की आक्काने दांडा घट्ट धरला. "लई जोर हाय की रे हिच्यात!" ती ओरडली. अर्धा चढ मागे पडला. मग इंजिनाचा आवाज जड झाला, एक किंचाळी आल्यासारखी झाली आणि इंजिन जागच्या जागी आवळून बंद पडलं.

आक्का उतरली. चाकामागे एक दगड लावला, औषधांची पिशवी खांद्याला अडकवली आणि काठी टेकत उरलेला चढ चढायला लागली. मी मागून हाक मारली. वळून म्हणाली, "वर पोरगं तापानं फणफणलंय. तुझं चालू दे." तो ताठ पाय बाजूने फिरवत ती वर जाताना मी बघत राहिलो. त्या दिवशीइतकी माझी मला लाज कधी वाटली नव्हती.

सोमवारी मी इंजिन सोडवून कारखान्यात आणलं, आणि मेस्त्रींनी पिस्टन बाहेर काढून उजेडात धरला. दोन्ही अंगांना उभे ओरखडे.

"पिस्टन आन भिंतीत फट किती ठेवली हुती?"

मी सांगितलं.

"लोखंडाच्या पिस्टनाला ठीक हाय. हा ॲल्युमिनियमचा. तापला की फुगतो. त्याला फुगायला जागा नको?" मग इंजिनाकडे बघून म्हणाले, "आन वाऱ्याचं पत्र्याचं झाकण कुठंय?"

पंख्याचा वारा सिलिंडरवर वळवणारं ते झाकण मी काढून ठेवलं होतं. बोजड दिसत होतं म्हणून.

ते रागावले नाहीत. दुसरा पिस्टन त्यांनीच शोधून आणला. या वेळी फट त्यांच्या समोर मोजली. पत्र्याचं झाकण परत बसवलं. मग पंधरा दिवस रोज दुपारच्या सुट्टीत इंजिन कारखान्याच्या आवारात सावकाश फिरवलं, थांबवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा फिरवलं. डबा खाताना आमचं लक्ष त्याच्या आवाजाकडे असायचं. बारा-तेराव्या दिवशी मेस्त्री म्हणाले, "आता मोकळं झालं."

दिवाळीला आठवडा उरला होता. आक्काने मला सीटवर चढू दिलं नाही. "तू उतर. तुझं वजन कशाला? रोज काय तू येणार हाईस?" ती एकटीच निघाली. मी मागे पळत होतो. चढाच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता, दमदार, एकसारखा. आणि मग तो अचानक बंद झाला.

तसाच धापा टाकत वर गेलो. गाडी एका बाभळीखाली उभी होती. इंजिन गरम होतं, पण आवळलेलं नव्हतं. किल्ली काढून घेतलेली होती. समोरच्या घराच्या ओट्यावर आक्का पाय लांब करून बसली होती, मांडीवर एक तान्हं पोर, आणि त्याची आई म्हणत होती, "नर्सबाई, मला वाटलं तुमी आता येतच न्हाई."

आक्काने मला पाहिलं आणि पिशवीकडे बोट दाखवलं. "तो कापूस दे जरा इकडं."

बदलीचे कागद थांबले ते थांबलेच. त्या गाडीला नंबर नव्हता, त्यामुळे डांबरी रस्त्यावर ती कधी आली नाही. वाड्यांच्या गाडीवाटा तिला पुरल्या. पुढच्या कोरड्या वर्षात बाहेरून पाणी आणावं लागायचं, तेव्हा आक्का सीटमागे दोन घागरी बांधून बाळंतिणींना पाणीही पोचवायची. मी दर दोन महिन्यांनी जाऊन झडपा घासायचो, तेल बदलायचो. हळूहळू आसपासचे लोक आपली पंपाची इंजिनं घेऊन माझ्याकडे यायला लागले, आणि काही वर्षांनी मी नागापूरला स्वतःचा लेथ टाकला. पहिलं काम लावायला मेस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी मशीन चालू केलं, क्षणभर ऐकलं आणि बाजूला सरून मला जागा करून दिली.