काकांचं नाव मी वाचून दाखवलं

लालबागच्या आमच्या चाळीत सकाळचा पेपर मी वाचायचो. म्हणजे सगळ्यांसाठी, मोठ्यानं, जिन्याच्या पायरीवर बसून. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. रात्रपाळीहून आलेली माणसं म्हणायची, आंघोळ राहू दे, आधी पेपर! बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती. मी वाचेन ते छापलेलं, असं ती धरून चालायची. मला त्याचा केवढा ताठा होता!

मग जेवून मी ट्रामनं गिरगावात जायचो. तिथं व्यापारी आणि कारखानदारांसाठी निघणाऱ्या एका मासिकात मी नोकरीला होतो आणि ‘नवे शोध’ हे सदर माझ्या गळ्यात होतं. शोध कसले, कंपन्यांकडून येणारी पत्रकं! त्यातली विशेषणं काढायची, आपली घालायची, की झाला लेख. ज्या यंत्रावर लिहायचं ते मी जन्मात पाहिलेलं नसायचं. विज्ञान मला जेवढं कळत होतं तेवढं आमच्या मांजरालाही कळत असेल.

आमच्या शेजारच्या खोलीतले काका परळच्या एका गिरणीत फिटर होते, मूळचे मालवणकडचे. त्यांचा थोरला भाऊ त्याच गिरणीत विणकर होता. मागावर सुताचा धोटा इकडून तिकडं सुसाट धावतो, त्याच्या टोकाला लोखंड असतं. तो एकदा उडाला आणि भावाचा डोळा गेला. तेव्हापासून भाऊ गावी बसून होता. उडालेला धोटा अडवायला मागाला जाळ्या असायच्या, पण हाताला अडतात म्हणून विणकर त्या काढून ठेवत. काकांनी भंगारातल्या पट्ट्या जोडून अशी जाळी केली, की माग थांबला की ती आपोआप वर जाई आणि सुरू झाला की खाली येई. त्यांच्या खात्यात ती सगळ्या मागांना बसली. काकांनी पाटावर झाडूच्या काड्या मांडून मला ती समजावली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एक शोध मला खरोखर कळला.

यावर लिहितो म्हटल्यावर ते म्हणाले, “बक्षीस नको रे झिला. नाव तेवढा येऊं दे. अंक भावाक धाडतलंय.”

मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. संपादकांनी वाचून एवढंच विचारलं, “हा फिटर कोण? आणि मागच्या पानावर जाहिरात कुणाची असते, ठाऊक आहे ना?” जाहिरात त्याच गिरणीची असायची. पण त्यांनी काही खोडलं नाही हो. कागद माझ्यापुढं सरकवला आणि ते चहा प्यायला लागले. खोडलं मी. काकांच्या नावाच्या जागी ‘व्यवस्थापनाच्या कल्पकतेतून’ असं घातलं. डोळेही काढून टाकले, ‘कामाचा खोळंबा टळतो’ असं केलं. आमच्या वाचकांना खोळंबा लगेच समजायचा.

अंक आला. तो काकांना नुसता देऊन मोकळा झालो असतो तरी कमी पाप लागलं असतं. पण काकूंनी शिरा केला होता, खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळे म्हणाले, वाच. मी वाचायला लागलो. ती ओळ आली, आणि मी बेशरमानं काकांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट! काय टाळ्या पडल्या! काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

काका तेवढे उठून माझ्याजवळ आले. “खंय आसा रे? बोट ठेव बघूया.”

मी बोट ठेवलं. ‘उत्पादनवाढ’ या शब्दावर. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग “बरा,” म्हणाले आणि अंक घडी करून ट्रंकेत ठेवला. सुटलो बुवा, म्हणत मी शिरा खाल्ला.

अंक गावी काही गेला नाही. का, ते मी विचारलं नाही.

पुढं एकदा चळवळीच्या अर्जावर सह्या घ्यायला मंडळी चाळीत आली. माणसं एकामागून एक अंगठे उठवत होती. काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी शाईची डबी बाजूला सारली, पेन मागितलं आणि मोठ्या, सावकाश अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मी शेजारीच उभा होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “येवढाच येता माका. पण ह्या येता.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिलो.

आणि मग ती सकाळ आली. मुंबईसह महाराष्ट्र होणार! मी ओरडूनच वाचलं. जिना दणाणला, कुणी थाळी बडवायला लागलं, कुणी मला उचलायला धावलं. काका पायरीवर तसेच उभे होते. गलबला जरा ओसरल्यावर त्यांनी माझ्या हातातून पेपर काढून घेतला, रागानं नव्हे, अगदी अलगद, आणि समोरच्या खोलीतल्या कारकुनापुढं धरला.

“तू वाच रे एकदा.”

कारकुनानं वाचलं. तेच होतं. तेव्हा कुठं काकांनी टोपी हवेत उडवली.