पडद्याखालचे पाय

आमच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून. मी वर्गाच्या दाराशी टेबल मांडून नावं लिहून घेत होते.

वर्गात खाटेभोवती चादरीचा पडदा बांधला होता, पण तो जमिनीपासून वीतभर वरच राहिला. पहिली बाई आत गेली. बाहेर बसलेल्या सगळ्यांना तिचे पाय दिसले. ते जरा घुटमळले, मग जमिनीवरून उचलले गेले. कुणीतरी खुदकन हसलं. झालं! लगेच एकीला चुलीवरचं दूध आठवलं, दुसरीचं सासूला विचारायचं राहिलं होतं.

दुखणं अंगावर काढायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ते दाखवायला मात्र उभा जन्म पुरत नाही. डॉक्टरीणबाई गावात आल्या, तपासणी फुकट झाली, आणि सगळं अडलं ते वीतभर कापडापाशी.

तेवढ्यात गोदामावशी उठल्या. आधी स्वतः आत जाऊन आल्या. मग पडद्याला पाठ लावून जमिनीवर ऐसपैस बसल्या आणि नऊवारीचा घोळ पसरून ती फट झाकून टाकली.

"जा गं आता एकेक. बघायचंच असेल कुणाला, तर माझं तोंड बघा."

संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत. निघताना मला म्हणाल्या, "बाई, तुमचं झालं का?"

दिवसभर मी सगळ्यांना सांगत होते, त्यात घाबरायचं काय. आता मी खाली पाहिलं. माझे पाय टेबलाखाली नीट झाकलेले होते.