घराशेजारची पट्टी आणि समोरच्या काकूंची हरकत

आठ जानेवारी. सकाळचं काम: घराशेजारची पट्टी झाडून घेणं. अकराच्या सुमारास महापालिकेचे इंजिनिअर पाहणीला येणार होते.

मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची रो-हाऊसची ओळ आहे. टोकाचं घर आमचं. त्याच्या भिंतीला लागून टेम्पो सहज जाईल एवढी महापालिकेची मोकळी पट्टी, आणि मागे एका कुटुंबाचा फुलांचा मळा. पट्टीवर गाजरगवत, फुटक्या टाइल्स आणि कोणीतरी आणून टाकलेला कमोड. ती जागा विकत किंवा भाड्यानं मिळावी म्हणून मी अर्ज केला होता.

कारण साधं होतं. आमचं बाथरूम वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून सासरे खाली हॉलमध्ये. अंघोळीसाठी मी आणि नवरा त्यांना खुर्चीसकट वर उचलून न्यायचो. एकदा नवऱ्याचा पाय घसरला. कोणाला लागलं नाही, पण सासरे म्हणाले, "आता रविवारचीच अंघोळ ठेवा." सकाळी अंघोळीशिवाय चहा न घेणारा माणूस! खाली बाथरूम हवंच होतं, आणि घरात त्याला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाइप करून घेतला.

त्यावर हरकत एकच आली, समोरच्या काकूंची. ती नोंदवण्याआधी त्या घरी आल्या. मनमाडला रेल्वे क्वार्टरात वाढल्यामुळे त्यांचा आवाज गाडीच्या वरताण आहे.

"अगं, मी तुझ्या अर्जावर हरकत घेतेय. ऑफिसातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

मला वाटलं, यांना स्कूटर लावायला जागा हवी असणार. तर म्हणाल्या, "मळ्यातल्या बायका पहाटे फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन तिथूनच रिक्षापर्यंत जातात. तू भिंत घातलीस की त्यांना पार देवळाला वळसा."

"आणि बाबांचं काय, काकू?"

"ते कळतंय म्हणून तर तोंडावर सांगायला आले."

मग त्यांनी सासऱ्यांना पेपर वाचून दाखवला. झटक्यापासून त्या रोज यायच्या. हरकत नोंदवल्यावरही एक दिवस चुकवला नाही. मी मात्र त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

तर त्या सकाळी मी गवत उपटलं, कमोड भंगारवाल्याला दिला, पाणी शिंपडलं. पट्टी ओकीबोकी दिसायला लागली म्हणून गच्चीवरच्या कुंड्या आणून कडेनं मांडल्या. सरकारी असला तरी येणारा माणूस पाहुणाच, म्हणून तोंडाशी रांगोळीही घातली.

काकू फाटकातून ओरडल्या, "अगं, जागा दाखवायचीय की मुलगी?"

"तुम्ही मुलाकडच्याच ना! ठेवा आता नावं."

इंजिनिअर आले, रांगोळीपाशी थांबले, कुंड्या बघितल्या आणि सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "अतिक्रमण आहे, लिहा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही जागा आधीच ताब्यात घेतलीय. अर्ज इथंच थांबतो. उलट तुम्हाला नोटीस निघेल."

मी सगळं सांगितलं. कुंड्या आजच्या, रांगोळी आजची. असली उत्तरं त्यांनी बरीच ऐकली असावीत. कारकून लिहीत राहिला.

काकूंना त्या वेळी नुसतं ओट्यावर उभं राहणं पुरेसं होतं. त्यांचं काम आपोआप झालं असतं. त्या चपला घालून रस्ता ओलांडून आल्या.

"साहेब, तसं लिहू नका. कुंड्या आज सकाळी गच्चीवरून उतरल्यात, मी बघत होते. कालपर्यंत इथं कमोड पडला होता."

"आपण कोण?"

"हरकत घेणारी."

इंजिनिअरांनी कागद बघितला, मग काकूंकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही यांच्या विरोधात ना?"

"जागेपुरती. म्हणून हिला चोर ठरवू का? माझी हरकत वाटेची आहे, तेवढी नीट लिहा."

साहेबांना हसू आलं. त्यांनी कारकुनाला ती ओळ खोडायला सांगितली, मला कुंड्या उचलायला सांगितल्या आणि म्हणाले, "सुनावणीच्या आधी दोघी बसून मिटवा, म्हणजे आमचंही काम सोपं."

सरळ माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. स्वतःचं काही जात नाही तोवर बहुतेक जण सरळ असतात. स्वतःची बाजू आयती जिंकत असताना मध्ये पडून ती अडवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते आमच्या समोरच राहत होतं.

संध्याकाळी कुंड्या गच्चीवर चढवताना मी हिशेब केला. बाथरूमला भिंतीलगतचा जेमतेम तुकडा पुरत होता. बाकीची पट्टी मी मागितली होती ती फक्त शेजारी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी टेप आणि रांगोळीचा डबा घेऊन काकूंची कडी वाजवली. त्यांनी टेपचं एक टोक धरलं, मी भिंतीपासून बाथरूमपुरतं अंतर घेऊन रांगोळीनं रेघ ओढली. थोड्या वेळानं मळ्यातल्या दोघी शेवंतीच्या पाट्या घेऊन आल्या. त्यांना शेजारीशेजारी चालायला सांगितलं. एकीची पाटी रेघेच्या आत येत होती.

"चार बोटं मागे घे," काकू म्हणाल्या.

मी रेघ पुसली, चार बोटं भिंतीकडे सरकवून पुन्हा ओढली आणि सुधारित अर्ज लिहायला घरात गेले.