मावशीच्या खोलीतली ओल

सुरतेतल्या उधन्याच्या एका मशीनवाल्याने मला फसवलं आणि भोगलं ते आमच्या कांडीवाल्या मावशीने. हे आधी सांगून टाकतो, कारण लोक विचारतात, तुझ्यासारख्या पक्क्या माणसाला कोण फसवणार? मला फसवलं. घासाघीस करत असतानाच फसवलं.

मावशी धुळ्याकडची. आम्हीही तिकडचेच, पण नातं काही नव्हतं. मी पांडेसऱ्यात दुसऱ्याच्या मागावर कापड विणायचो तेव्हा ती तिथे धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरायची. मी स्वतःचे चार माग टाकले तेव्हा ती न बोलावता आली. नवरा गेलेला, एकुलती मुलगी नवापूरला दिलेली. आमच्या घरात खाली माग आणि वर आम्ही. मागांच्या पाठीमागची खोली मी तिला दिली. सोळा वर्षं ती तिथे राहिली.

दिवाळी सरली की ती उडदाचा एक कच्चा पापड खाली खिळ्याला टांगायची. रोज सकाळी दोन बोटांत धरून वाकवून बघायची. कडकन मोडला तर हवा कोरडी. मग ती भिंतींना ओली गोणपाटं लावायची, फरशीवर पाणी मारायची, नवा पापड टांगायची. थंडीत हवा कोरडी पडली की धागा तुटतो, अंगाला चिकटतो, माग सारखा थांबतो. पापड नुसता लवला की ती म्हणायची, "आज बरी शे हवा, भाऊ. चालू कर." तो कापडासारखा मऊ पडला की गोणपाटं उतरवून उन्हात टाकायची. मी आरडाओरडा करायचो की धागा तुटेल. ती म्हणायची, "ओल द्यायची तशी काढायचीपण असते. तुले समजस का माले?" माझ्याशी या आवाजात बोलणारं सुरतेत दुसरं कोणी नव्हतं.

वरच्या मजल्याची हवाही तिच्याच ताब्यात होती. थंडीत माझ्या धाकट्या मुलीच्या नाकातून रक्त यायचं. डॉक्टरांनी थेंब दिले. मावशीने तिच्या खोलीत रुंद तोंडाचं पातेलं भरून ठेवलं आणि पलंगापासून दूर एक ओला टॉवेल टांगला. पातेलं रोज राखेने घासायची. "पाणीबी शिळं होस," म्हणायची. दुपारी अर्धा तास सगळ्या खिडक्या उघड्या. बायको कुरकुरायची की खालची रुई वर येते. मावशी तिला म्हणायची, "रुई झाडता येते सूनबाई, कोंडलेली हवा झाडता येत नाही." मुलीचं रक्त थांबलं.

माझ्या चिकट स्वभावावर ती एकटीच हसायची. बाजारात सगळ्यांसमोर सांगायची, "आमना भाऊ वांगं लेस, ते देठ कापीसन तोलाले लावस." भाजीवाला हसायचा, मीही हसायचो. दुसरं कोणी बोललं असतं तर तिथेच भांडण झालं असतं.

चार मागांचे बारा झाले तेव्हा मला गोणपाटांची लाज वाटायला लागली. व्यापारी माल बघायला येत आणि भिंतीवर ओली पोती. म्हणून हवेला ओल देणारं मशीन घ्यायचं ठरवलं. पत्र्याच्या एकाच नळीतून खाली मागांना, मावशीच्या खोलीला आणि वर तीन खोल्यांना दमट हवा. मशीनवाल्याने भाव सांगितला, मी अर्ध्यावर आणला. तो उठून गेला, परत आला, मी आणखी पाडला. शेवटी हात जोडून म्हणाला, "सेठ, तमे जीत्या." मावशी दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "हवा भरली की बंद कोण करणार?" तो म्हणाला, "मासी, आपोआप बंद थई जाय. चिंता ना करो."

ते आपोआप बंद झालं नाही. पंधरा दिवसांत मावशीचा पापड रुमालासारखा घडी घालण्याइतका मऊ झाला. नळीचं शेवटचं तोंड तिच्या खोलीत होतं. ट्रंकेमागे भिंत काळी पडली, अंथरुणाला वास यायला लागला. ती बटण बंद करायची, मी चालू करायचो. धागा तुटत नव्हता, मला तेवढंच दिसत होतं. एकदा कारागिरांसमोर तो पापड खिळ्यावरून ओढून मी चुरगाळला आणि म्हणालो, "एवढं मशीन आणलंय, आता तुझा पापड पुरे." दुसऱ्या दिवशी तिने नवा पापड टांगला नाही. बटणालाही हात लावला नाही.

संक्रांतीच्या सुमारास तिला धाप लागायला लागली. रुईमुळे दमा जुनाच होता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "या झोपतात कुठे?" मी सांगितलं. ते म्हणाले, बुरशी लागलेल्या खोलीत दमा वाढणारच, आधी तिथून हलवा. तिची मुलगी येऊन तिला नवापूरला घेऊन गेली. रिक्षात बसताना मावशी बायकोला म्हणाली, "दुपारी खिडक्या उघडत जा." माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, जेवी घे." मी जेवलो नव्हतो, ते तिला कसं कळलं कोण जाणे.

त्याच दुपारी इलेक्ट्रिशियनकडून मशीन उघडून घेतलं. हवा पुरेशी दमट झाली की बंद करणारा स्वीच असतो, त्याची जागा रिकामी होती. वर चिकटपट्टी. आतली पाणी शोषणारी जाळी दुसऱ्या कुणाची तरी वापरलेली, शेवाळलेली. उधन्याला गेलो, मशीनवाल्याच्या काउंटरवर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "सेठ, तमे भाव पाडता गया, हुं वस्तु काढतो गयो."

अडीच महिन्यांनी मावशी नवापूरलाच वारली. दहाव्याला गेलो. तिच्या मुलीला सगळं सांगितलं. भाव मी पाडला, पापड मी चुरगाळला, बटण मी चालू ठेवलं. ते माझं आहे, मी नाकारत नाही. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. स्वीच काढलाय असं त्याने तेव्हा सांगितलं असतं तर मी भाव वाढवला असता का, हेही मला माहीत नाही. पण त्याने सांगायला हवं होतं. दारात उभ्या असलेल्या बाईने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याने तिच्या तोंडावर खोटं सांगितलं.

मुलगी सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "आणि तो माणूस?"

सुरतेहून नवापूर लांब नाही. त्याने तिथे जावं, मावशीच्या मुलीसमोर बसावं आणि आपल्या तोंडाने सांगावं की काय काढलं आणि "आपोआप बंद होईल" असं का म्हणाला. मी त्याला तीनदा निरोप पाठवला आहे. आता इथे लिहितो आहे. त्याने उत्तर द्यावं. मला नको, तिला.