एका दमातली शिवी

खिडकीकाकूंची सकाळ शिवीने सुरू होत असे. यवतमाळकडच्या वणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोळशाचे ट्रक वळतात. ताडपत्री न बांधलेला पहिला ट्रक दिसला की काकू ओट्यावर उभ्या राहून ड्रायव्हरपासून आरंभ करत. मग ट्रकचा मालक, मालकाला परवाना देणारा, परवाना देणाऱ्याला खुर्ची देणारा आणि शेवटी त्या सगळ्यांना निवडून देणारे आपण, अशी ती लांबलचक शिवी न थांबता एका श्वासात पार पडे. ड्रायव्हरला ती ऐकू जात नसे, आणि जावी असा काकूंचा आग्रहही नव्हता. त्या आपलं फुफ्फुस तपासून पाहत होत्या.

"शिवी मंधात तुटली का समजाचं, आज काहीतरी गडबड हाये," असं त्यांचं शास्त्र होतं. शिवी तुटली, किंवा बेडक्याचा रंग बदलला, किंवा झोपताना एक उशी जास्त लागली, की त्या दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जात. आमच्याकडे माणूस निळा पडल्यावर दवाखाना आठवतो. त्यामुळे गल्लीने काकूंना भित्र्या ठरवून टाकलं होतं.

आयुष्यात त्यांनी विडीला हात लावला नव्हता. पण चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या घालून आणि पुढे सिगडीत कोळसा घालून त्यांनी मोठ्या खटल्याचा स्वयंपाक केला, आणि त्या धुराने आपली वसुली म्हातारपणी केली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार जायचा नाही, मात्र त्याचे झटके टाळता येतील. प्रत्येक मोठा झटका जाताना थोडा श्वास घेऊन जातो आणि तो पुरता परत करीलच असं नाही. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "जायचा नाही तं राहू द्या. नवऱ्यासंग नाही का राह्यली मी," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं सारं लक्ष झटका न येऊ देण्यावर होतं. ट्रकांच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद, फोडणीच्या वेळी परसातली उघडी. ह्या उघडझापीवरूनच त्यांचं नाव पडलं. घरात केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरे. सर्दी झालेला जावई आला, तरी त्याचा पाहुणचार अंगणात होई. शेजारच्या आजीबाई थंडीत दारातच सिगडी पेटवत आणि कोळसा लाल होईपर्यंत तिचा पिवळट धूर गल्लीभर लोळत राही. काकूंनी त्यांच्याशी भांडून, रुसून आणि शेवटी तिळाचे लाडू पाठवून सिगडी मोकळ्या मैदानात पेटवायची आणि लाल झाल्यावर घरी आणायची, असा तह केला. हळदीकुंकवाला अत्तराचा वास आला की त्या उंबऱ्याबाहेर थांबून कपाळ पुढे करत आणि म्हणत, "इथंच लाव बाई, आत माह्या जिवाले महाग पडते." बायका आत जाऊन हसत. म्हातारीचे नखरे, म्हणत.

आपल्याकडे कुणाला ठसका लागला की शेजारचा पाठीवर थाप मारून सांगतो, कुणीतरी आठवण काढतंय. इतका गोड आणि इतका घातकी समज दुसरा नसेल. एकदा त्यांच्या ओट्यावर मला ठसका लागला आणि मीही हसत तेच बोललो. काकू डाफरल्या.

"कोण आठवून राह्यलं ते मंग पाह्य, बापू. पहिले काय जळून राह्यलं ते पाह्य."

पाहिलं, तर कोपऱ्यावर कुणीतरी कचऱ्यासोबत प्लास्टिक पेटवलं होतं. काकू बादली घेऊन निघाल्याही होत्या.

मग गावात श्वसनरोग जनजागृतीचा कार्यक्रम ठरला. आयोजकांना व्यासपीठावर एक रुग्ण हवा होता, आणि काकू हव्या होत्या कारण त्या बोलतात. काकूंनी अटी घातल्या: अगरबत्ती नाही, फटाके नाहीत, खिडक्या उघड्या. आयोजकांनी सगळ्या मान्य केल्या. मान्य करायला काही लागत नाही. त्या दिवशी सकाळी रस्त्यावर टँकरने पाणी मारलं गेलं, तेव्हाच काकू मला म्हणाल्या, "मोठा मानूस येऊन राह्यला वाटते. आमच्यासाठी तं कधी थेंब नाही पडला." तरीही त्या ठेवणीतलं लुगडं नेसल्या. सत्काराचा आनंद त्यांना झाला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

साहेबांची गाडी आली आणि फटाक्यांची माळ दारातच लागली. धूर आपसूक सभागृहात शिरला. व्यासपीठावर समईजवळ अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटलेला, आणि वाऱ्याने फलक फडफडू नये म्हणून खिडक्या बंद. त्या फलकावर लिहिलं होतं, 'धूर टाळा, श्वास सांभाळा'. मी आयोजकाला गाठून खिडकी उघडायला सांगितलं. तो कानात म्हणाला, "दोनच मिनिटं भाऊ, साहेब बोलून राह्यले ना." साहेब प्रदूषणावर बोलत होते. तळमळीने आणि अजिबात घाई न करता.

मी पाहत होतो ते काकूंकडे. कोळशाच्या ट्रकला न घाबरणारी ती बाई नाकाला पदर लावून मुकाट बसली होती. त्यांच्यापासून खिडकी हाताच्या अंतरावर होती. नंतर मी विचारलं, काहून उठल्या नाही? त्या म्हणाल्या, "पाहुणा बोलून राह्यला होता रे. मंधातून कशी उठू?" जन्मभर सगळ्या गल्लीला धारेवर धरणारी बाई त्या दिवशी रीत पाळायला गेली. साऱ्या आयुष्यात काकूंची चूक झाली असेल तर ती एवढीच. बाकीच्यांच्या चुकांना मात्र टाळ्या पडल्या.

शाल अंगावर पडली तेव्हा त्यांचे ओठ काळसर दिसत होते. श्वासाचा पंप पिशवीत होता आणि पिशवी हारांखाली दबलेली. त्यांच्या मुलाने आणि मी त्यांना उचलून बाहेर आणलं, तेव्हा आतून निवेदकाचा आवाज आला, "काकू भारावून गेल्या आहेत." दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, कार्यक्रम उत्साहात संपन्न.

काकू दवाखान्यातून घरी आल्या, पण शिवी परत आली नाही. ट्रक दिसला की त्या ड्रायव्हरपर्यंत पोचत, मालकापाशी थांबून श्वास घेत, आणि परवाना देणारा तसाच सुटून जाई. मोठी माणसं अशीच सुटतात. पुढच्या थंडीत काकू गेल्या.

शोकसभा त्याच सभागृहात झाली, कारण आयोजकही तेच होते. काकूंच्या फोटोसमोर अगरबत्त्यांचा झुबका धुमसत होता आणि वक्ते त्यांच्या लढाऊ वृत्तीचं कौतुक करत होते. मला ठसका लागला. शेजारच्या गृहस्थांनी प्रेमाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काकू आठवण काढून राह्यल्या."

मी काही म्हणायच्या आत पहिल्या रांगेतून काकूंची सून उठली. भाषण चालू होतं. तिने तो झुबका उचलला, पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि खिडक्यांच्या खिट्या एकामागून एक काढल्या. वक्ते थांबले. सून त्यांच्याकडे वळली आणि ड्रायव्हरपासून सुरुवात केली. मालक झाला, परवाना देणारा झाला, त्याला खुर्ची देणारा झाला, आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांपर्यंत येईस्तोवर तिने कुठेही श्वास घेतला नाही.