चष्मा पेटीवर ठेवला की

बुवांनी चष्मा काढून माझ्या पेटीच्या झाकणावर ठेवला की समजायचं, आता रडणार.

चष्मा ठेवल्यावर ते डोळे मिटत. मी करंगळीने वरचा कोमल निषाद धरायचा आणि भाता अगदी हळू ओढायचा. बुवा म्हणत, "ती दारात उभी आहे. केसांतला मोगरा सुकला. दिव्यातलं तेल सरलं. आणि तो..." इथे ते थांबत. मी मनात चारपर्यंत मोजायचो. चाराला उजव्या डोळ्यातून पाणी यायचं, डावा जरा मागून. मग म्हणत, "तो आला नाही." अकरा वर्षं मी हे हातभर अंतरावरून पाहिलं आहे आणि एकदाही ताल चुकलेला पाहिला नाही.

तुम्हीही असे एखादे बुवा पाहिले असतील. आमचे हे इंदिरानगरातल्या दत्तमंदिराच्या हॉलमध्ये बोलायचे. चातुर्मासात रोज पाच ते साडेसहा, एरवी रविवारी. विषय कायम एकच. संतांनी बाई होऊन देवासाठी लिहिलेल्या विराण्या आणि गौळणी. पुरुष असून हे संत स्वतःला प्रेयसी का म्हणवून घेतात, ते बुवा फार सुरेख समजावून सांगत. "देवाकडे मालक म्हणून जाता येत नाही," ते म्हणत. "पगडी दाराबाहेर ठेवावी लागते. बाई होऊन, साजशृंगार करून, दारात उभं राहावं लागतं. आणि तो येत नाही. तरी उभं राहायचं. वाट बघणं हीच भेट, बाई."

समोर पन्नास-साठ बायका मांडीवर कापूस घेऊन बसलेल्या असत. आमच्याकडे प्रवचन ऐकताना वाती वळतात. कान देवाला आणि हात देवाच्या दिव्याला. बुवांनी चष्मा ठेवला की सगळे हात थांबत. साठ बायकांचे हात एकदम थांबलेले पाहणं ही काही साधी गोष्ट नाही. त्यातला निम्मा मान आपला, असं मला वाटायचं. मी शाळेत संगीत शिकवायचो, तिथे माझ्या पेटीने कोणाचा हात थांबत नसे. उलट पोरांचे हात सुरू होत.

बुवा मला नावाने कधीच हाक मारत नसत. "पेटी, सूर द्या." "पेटी, चला." अकरा वर्षं मी पेटी होतो. माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं असा माझा दाट संशय आहे.

आता ऐका. वाट बघण्याचा महिमा गाणाऱ्या या माणसाला आयुष्यात दोन मिनिटं कशाची वाट बघवत नव्हती.

प्रवचन संपवून आम्ही त्यांच्या घरी जायचो. चपला काढता काढता बुवा ओरडायचे, "चहा!" त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आमची पावलं जिन्यात वाजली की गॅस मोठा करत. तरी मधल्या अर्ध्या मिनिटात बुवा तीनदा ओरडत. एकदा वहिनी कप ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "मास्तर, यांना विरह सोसत नाही हो. चहाचासुद्धा." बुवांना ते ऐकू गेलं नाही, कारण ते बशीत ओतून प्यायला लागले होते. खिचडीच्या प्रसादाला रांग लागली की ते बाजूच्या दाराने आत जात. कचेरीत हेडक्लार्क होते, तिथे मात्र दुसऱ्यांनी वाट बघायची असे. "पुढच्या सोमवारी या." ही भेट त्यांनी पुष्कळांना घडवली.

नांदगावला कार्यक्रम होता त्या दिवसाची गोष्ट सांगतो. दुपारी तीनची वेळ ठरलेली. स्टँडवर आमची एसटी दहा मिनिटं उशिरा होती. बुवांचा जीव वरखाली होऊ लागला. शेजारच्या फलाटावर एक गाडी घरघरत उभी होती. "ही निघालीय, चढा!" म्हणून ते आत घुसले. मी पेटी डोक्यावर घेऊन, "अहो, पाटी तरी वाचा," म्हणेपर्यंत गाडी सुटली. आम्ही सिन्नरला उतरलो, म्हणजे भलत्याच दिशेला. नांदगावला पोचेस्तोवर सहा वाजले. माणसं तीन तास ताटकळली होती, बायका घरी जायला उठल्या होत्या. मला वाटलं, आता माफी मागतील. बुवा बैठकीवर बसले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "तुम्ही वाट पाहिलीत. धन्य आहात. तुम्हीच खऱ्या विरहिणी." बायका परत खाली बसल्या. मी पेटी उघडली. दुसरं काय करणार!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या साठ बायकांत माझी धाकटी बहीण सुमन बसायची.

सुमनचा नवरा ओझरच्या कारखान्यात होता. तो दुसरीच्या नादाला लागला, कोर्टात जाऊन रीतसर घटस्फोट घेतला आणि त्या दुसरीशी लग्न करून सिडकोत राहायला गेला. त्र्याण्णव साली सुमन दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आली. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. मग तिने शिवणाचा क्लास लावला, आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागली, हसायलाही लागली. खपली धरत होती. आणि नेमकं तेव्हा मीच तिला म्हणालो, "घरात बसून काय करतेस? प्रवचनाला ये."

मी नेलं तिला. हे लिहून ठेवतो.

दोन चातुर्मासांत ती पार बदलली. कारखान्याची बस पावणेपाचला आमच्या कोपऱ्यावर थांबून पुढे सिडकोकडे जायची. त्या बसमध्ये तो असायचा. आमच्या कोपऱ्यावर उतरण्याचं त्याला काही कारण नव्हतं. सुमन पावणेपाचला वेणीफणी करून फाटकात उभी राहायला लागली. बस जायची, मग ती कापसाची डबी घेऊन प्रवचनाला यायची. माझ्या बायकोने एकदा हटकलं, तर म्हणाली, "वहिनी, तो यावा म्हणून नाही उभी राहत. उभं राहणं हेच खरं आहे." हे बुवांचंच वाक्य होतं. एका नालायक माणसाच्या जाण्याला बुवांनी देव्हारा करून दिला होता आणि ही पोर त्यात जाऊन बसली होती. ज्या संतांनी ते लिहिलं त्यांच्यासमोर देव होता. हिच्यासमोर पावणेपाचची बस होती. एवढा फरक सांगायला बुवांना कितीसा वेळ लागला असता?

शहाण्णवच्या उन्हाळ्यात निफाडहून एक स्थळ आलं. तिथला द्राक्षबागवाला, बायको वारलेली, आठ वर्षांची एक मुलगी. माणूस खुर्चीच्या टोकावर बसला होता. द्राक्षांची पेटी पायाशी ठेवून सुमनला म्हणाला, "मला बोलायला लय जमत नाय. पोरगी तेवढी हाय, तिला जीव लावला म्हंजे झालं. तुमचं मशीन घेऊन या, तिकडं पण शिवणाचं काम हाय. घाई नाय. ऑक्टोबरची छाटणी उरकली की येतो इचाराया. तवर थांबतो मी."

तो गेल्यावर सुमनने एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि म्हणाली, "गोड आहेत." दोन वर्षांत मी तिच्या तोंडून असं साधं वाक्य ऐकलं नव्हतं.

छाटणीनंतर तो येणार, त्याच्या आदल्या आठवड्यात प्रवचन संपल्यावर सुमन बुवांपाशी गेली. मी पेटी बंद करत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. "बुवा, एक विचारायचं होतं. माणूस सोडून गेला असेल, आणि दुसरं कोणी..." बुवांचं लक्ष दाराकडे होतं, प्रसादाची पातेली आली होती. तिचं वाक्य अर्ध्यावर असताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाट बघणं हीच भेट, बाई," म्हणाले आणि बाजूच्या दाराने आत गेले. तिला पुरतं बोलू द्यायलासुद्धा ते थांबले नाहीत.

घरी आल्यावर तिने मला विचारलं. मी ओट्यापाशी पाणी पीत होतो. "दादा, तू इतक्या जवळ बसतोस. बुवा रडतात, ते खरं असतं ना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. चाराचा हिशेब, आधी उजवा डोळा, चहा, सिन्नर, सगळं. पण ते रडणं खोटं म्हणायचं तर माझा निषाद काय होता? साठ बायकांचे थांबलेले हात काय होते? मी म्हणालो, "हो. खरं असतं."

निफाडवाले आले तेव्हा सुमन आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. मीच नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. अजून एक डाव येऊन जातो, संक्रांतीनंतर." तेव्हाही आले. तेव्हाही नाही म्हटलं. "मग आता तरास देत नाय," म्हणाले आणि गेले. विरहावर एक शब्द न बोलता हा माणूस आठ-नऊ महिने थांबला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी ठरवलं, या ढोंग्याला आज उघडा पाडायचा. बुवांनी चष्मा झाकणावर ठेवला, डोळे मिटले. "आणि तो..." म्हणाले. मी भाता सोडला. हात मांडीवर घेतले. सूर नाही, काही नाही. मी मनात मोजत होतो. चार झाले, दहा झाले. डोळे कोरडे ठाक. बुवांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पेटी." मी हललो नाही. त्यांना पुढचं वाक्यच उचलता येईना. मला वाटलं, संपलं. आता सगळ्यांना कळणार.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हुंदका आला. मग दुसरा. बघता बघता अख्खा हॉल रडायला लागला. बायकांना वाटलं, आज बुवांचा शब्दच खुंटला, आज खुद्द विरहच समोर बसलाय! सुमन तर कापसात तोंड लपवून रडत होती. मी घरी आल्यावर म्हणाली, "दादा, तुझेसुद्धा हात चालेनात ना रे आज?"

आणि बुवा? जिन्यातच त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "पेटी, काय जागा काढलीत! दर रविवारी तिथे सूर सोडत जा." वर पोचायच्या आत ओरडले, "चहा!"

मी दर रविवारी सूर सोडू लागलो. तुम्ही विचाराल, मग वाजवत कशाला राहिलास? आवडत होतं म्हणून. बुवांना नावं ठेवताना हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

दोन हजार तीन साली बुवांच्या घरातल्या वहिनी गेल्या. आजारपण फार नव्हतं, पंधरा दिवसांत आटोपलं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, "मास्तर, घरी गॅसपाशी कोणी आहे का बघा. साडेसहा वाजत आले." त्या बाईबद्दल मला कळवळा वाटतो तेवढा त्या घरात दुसऱ्या कोणाबद्दल कधी वाटला नाही. विराणीतली बाई खरोखर कोणाच्या घरी असेल तर ती तिथे होती, गॅसपाशी, जिन्यातल्या पावलांकडे कान लावून. प्रवचनाला मात्र तिला कधी वेळ मिळाला नाही.

चौथ्या महिन्यात बुवांनी नांदगावकडची एक बाई लग्न करून आणली. दुसरं लग्न करणं हा गुन्हा नाही. सुमनने ते करावं म्हणून मीच तळमळत होतो. पण मला कारण सांगताना बुवा म्हणाले, "पेटी, चहाचे फार हाल होत होते हो." आणि पुढच्या रविवारी बैठकीवर बसून चष्मा काढायला लागले. मी झाकण लावलं, पेटी उचलली आणि भर सभेतून घरी आलो.

बुवांच्या लग्नाची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. सुमन ओसरीवर वाती वळत बसली होती. बेचाळीस वर्षांची झाली होती ती. मी पेटी खाली ठेवली. तिने वर पाहिलं नाही.

"दादा, बुवांचं रडणं खोटं, हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

तिने हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

आवाज चढवला नाही, रडली नाही. वळलेल्या वाती डबीत भरल्या, डबी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "या तुमच्या देवापुढे वापरा." दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ती फाटकात नव्हती. मशीनवर बसली होती. निफाडवाल्यांचं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिला ते माहीत होतं.

बुवा पुढे पुण्याला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले, असं ऐकलं. मी गेलो नाही. त्यांच्या चष्म्याच्या दांड्यांचे दोन ओरखडे माझ्या पेटीच्या झाकणावर अजून आहेत. पॉलिश करून घेईन म्हणतो, राहून जातं.

सुमनला आता सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. पेटी तिच्या मशीनशेजारीच असते, बंद. काम संपलं की ती चष्मा काढून झाकणावर ठेवते, बरोबर त्याच जागी, आणि दुखणारे डोळे तळव्यांनी चोळते. माझी करंगळी अजून आपोआप उचलली जाते. मी ती मुठीत धरतो आणि विचारतो, "सुमे, चहा टाकू का?"

"टाक," ती म्हणते. "घाई नाही."